भोकं मेंढ्याचीच होती

हिराजी,

काल तुझा दहावा झाला. पिंड ठेवला आणि भटजींचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळ्याने झडप घातली. "हिराज्याचा जीव कशात अडकला नव्हता," असं तुझा चुलता म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाळूत बसून माझ्या चपलांकडे बघत राहिलो. तुझं काय राहिलं होतं ते त्या सगळ्यांत मला एकट्याला ठाऊक होतं. कावळा शिवला नसता तर कुणीतरी मला पुढे हो, हात जोड, काय ते बोल, असं म्हणालं असतं. तसं झालं नाही म्हणून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज घरी आल्यावर वाटली.

तू गेल्यापासून माझा एक नवा उद्योग सुरू झालाय. सकाळी चहा पिऊन झाला की मी कप बशीत ठेवतो आणि कान देऊन ऐकतो. खडखडला का? खडखडला नाही तर तो दिवस बरा जातो. एखाद्या दिवशी खडखडतो, मग मी तो उचलून पुन्हा ठेवतो, पुन्हा ऐकतो. बायको म्हणते, निवृत्तीला पाच वर्षं आहेत, आत्तापासून काय असं चाललंय? तिला काय सांगू?

तुला आठवतं का, तू दवाखान्यात लागलास तो दिवस? गुरांचा दवाखाना, दोन खोल्या, पुढे ढोरं बांधायला लाकडी सांगाडा आणि मागच्या खोलीत माझी हौस. बाकीचे गुरांचे डॉक्टर बदलीसाठी अर्ज करायचे, मी मायक्रोस्कोपसाठी केला. वरून माझी कीव येऊन त्यांनी जुना मायक्रोस्कोप दिला, आणि त्याच्याबरोबर मायक्रोटोम, म्हणजे मेणात बसवलेल्या मांसाचे केसाहून पातळ काप काढायचं यंत्र. ते चालवायला माणूस मात्र दिला नाही. तुला त्यांनी झाडलोट करायला पाठवलं होतं. तू दारात उभा राहिलास, अंगाला सुक्या बोंबलांचा वास, आणि पहिलंच वाक्य बोललास, "डागदर, ह्या खोलीत माशीपन मरून पडंल."

मांस कुजू नये म्हणून वापरायच्या फॉर्मॅलिनच्या वासाबद्दल बोलत होतास तू. मी म्हणालो, तुझ्या वासाने ती आधीच पळून जाईल. तू हसलास. वयाने तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण मी पहिल्या दिवसापासून तुला अरेतुरे केलं आणि तू मला शेवटपर्यंत अहोजाहो. हे बरोबर नाही, असं मला अधूनमधून वाटायचं. सुधारलं मात्र नाही.

मांसाचा तुकडा कापायच्या आधी त्यातलं पाणी काढावं लागतं. आधी पातळ स्पिरिट, मग दाट, मग त्याहून दाट. मी पुस्तक वाचून तास मोजायचो आणि माझे तुकडे वरून कडक, आतून लिबलिबीत व्हायचे. तू तीन दिवस बघितलंस आणि चौथ्या दिवशी म्हणालास, "घाई करताव तुमी. बोंबील कवा घाईत सुकतो काय? वरून सुकला का आतला पानी आतच ऱ्हाता." तुझ्या आईने तुला वलांडीवर, त्या सुकवायच्या बांबूंवर, बोंबील उलटायला शिकवलं होतं, त्याच बोटांनी तू तुकडा चेपून सांगायचास, आज नाही, उद्या. आणि तो उद्या बरोबर निघायचा. निळ्या रंगाचंही तसंच. रंगवल्यावर काप चिकटवलेली काच पाण्यात धरली की तो निळा खुलतो. मी जपून ठेवलेलं शुद्ध केलेलं पाणी वापरायचो आणि निळा मेल्यासारखा दिसायचा. तू मागच्या विहिरीचं जड पाणी आणलंस, ज्यात डाळ शिजत नाही म्हणून सगळी आळी बोंब मारायची, आणि त्यात काच धरलीस. तो निळा बघून मी तुझ्या पाठीत थाप मारली होती. आपल्या अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात असा निळा कुणाला जमत नव्हता.

आपलं नेहमीचं काम पिसाळाचं. कुत्रं माणसाला चावलं, मग मेलं किंवा मारलं, की त्याचं डोकं गोणपाटात बांधून आपल्याकडे. मेंदूचा एक विशिष्ट भाग काचेवर चेपायचा, रंग ओतायचा आणि पेशीत लाल दाणे दिसतात का ते बघायचं. दिसले की ते कुत्रं पिसाळलेलं, आणि ज्याला चावलं त्याच्या पोटात चौदा इंजेक्शनं. दिसले नाहीत तरी इंजेक्शनं टाळायला मी कुणाला सांगितलं नाही, कारण दाणे नसले म्हणजे रोग नाही असं नसतं. बाहेर पायरीवर ती माणसं बसलेली असायची आणि तू त्यांच्यात बसायचास. मी आतून हाक मारेपर्यंत तू त्यांच्याशी पापलेटच्या भावाबद्दल बोलत राहायचास. भीती कशी सांभाळायची ते तुला यायचं. मला फक्त ती आत बसून डोळ्याला काच लावून झाकता यायची.

मग तो मेंढा आला.

चौलला वाडी असलेल्या मुंबईच्या शेठना हुक्की आली आणि त्यांनी विलायती मेंढ्यांची जोडी बोटीने मागवली. आपल्या हवेत मेंढी! एका पावसात खूर कुजून जायचे. पण त्यातल्या एकाला खुरांचं काहीच झालं नाही. तो खाजवायला लागला. दिवसभर नारळाच्या बुंध्याला अंग घासायचा, लोकरीचे पुंजके वाडीभर उडायचे, कातडी सोलून निघाली तरी थांबायचा नाही. पाठीवर हात ठेवला की ओठ चाटल्यासारखे हलवायचा. मग मागचे पाय लटपटायला लागले. माळी म्हणाला, पिसाळला. मलाही तेच वाटलं. मेला तेव्हा आपण डोकं आणलं, काच केली, लाल दाणे नव्हते. मी तेवढ्यावर सोडलं असतं तर बरं झालं असतं. पण मला हौस. उरलेला मेंदू मी फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकला आणि म्हणालो, हिराजी, याचे नीट काप काढूया.

तीन आठवड्यांनी तू तो बाहेर काढून वस्तऱ्याने तुकडे करत होतास. हातमोज्यांचा एकच जोड होता, तोही फाटका. वस्तरा सटकला आणि तुझ्या डाव्या हाताच्या तर्जनीत खोल गेला. तू बोट वर धरलंस आणि माझ्याकडे बघितलंस. इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा माझ्याकडे तसं बघत होतास, पायरीवरची माणसं बघायची तसं. "डागदर, काय व्हनार नाय ना?"

मी काय म्हणालो? मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. म्हणालो, "अरे, फॉर्मॅलिनमध्ये काही जिवंत राहत नाही. धू आणि चिंधी बांध."

तू धुतलंस, चिंधी बांधलीस आणि काम पुरं केलंस. ते वाक्य मी तेव्हापासून किती वेळा ऐकलंय ते विचारू नकोस.

काप झाले, रंग झाले. मी डोळा लावला आणि माझं डोकं फिरलं. मेंदूच्या देठाकडच्या मोठ्या पेशी, ज्या भरीव दिसायला हव्यात, त्यांत भोकं. गोल, स्वच्छ, रिकामी भोकं. एकीत एक, दुसरीत तीन. बारीक पाहिलं तर पेशींच्या मधल्या जागेतही. अशी भोकं मी खराब कामात पाहिली होती. पाणी नीट निघालं नाही, मेण जास्त तापलं, की मांस फाटतं. मी तुला बोलावलं आणि जे बोललो ते आज लिहितोय, कारण तू ते कुणाला सांगितलं नसणार. मी म्हणालो, "हा मेंदू आहे, बोंबील नव्हे. वलांडीवर टाकल्यासारखा सुकवलायस."

तू मायक्रोस्कोपला डोळा लावलास. बराच वेळ लावलास. मग सरळ होऊन शांतपणे म्हणालास, "डागदर, ही भोकां मेंढ्याची हायत. माजी नायत."

"मेंढ्याच्या डोक्यात भोकं कशी असतील?"

"ता मना म्हायत नाय. पन माजी नायत."

मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, काप बिघडले, निदान नाही. त्या काचा मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवायला हव्या होत्या. तिथे कुणीतरी शहाणा बसला असता. पण खराब काम पाठवून माझं हसं करून घ्यायचं नव्हतं. तू आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोललास. नवव्या दिवशी सुकट घेऊन आलास आणि तो विषय मिटला, असं मी धरून चाललो.

पाचएक वर्षांनी एक जुना विलायती अंक माझ्या हाती लागला. त्यात मेंढ्यांच्या एका रोगाबद्दल लिहिलं होतं. खाजवणं, लोकर जाणं, पाय लटपटणं, ओठ चाटणं. आणि पेशींत भोकं. सोबत फोटो होता. तो फोटो आपल्या काचेचाच काढलाय असं कुणालाही वाटलं असतं. खाली पुढे लिहिलं होतं की या रोगाचं बीज काय आहे ते कुणाला कळलेलं नाही, ते उघड व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि फॉर्मॅलिनने ते मरत नाही. शेवटी दोन ओळी होत्या की दूर कुठल्याशा बेटावर माणसं थरथरत, तोल जात मरतात आणि त्यांच्या मेंदूतही अशीच भोकं सापडलीत. मेंढ्याचा रोग माणसाला होतो असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. होत नाही असंही म्हटलेलं नव्हतं.

तू बाहेर सांगाड्याला म्हैस बांधत होतास, शीळ घालत. मी तो अंक कपाटामागे सारला. तुला हाक मारून दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, तू बरोबर होतास. दुसरी, फॉर्मॅलिनचं मी चुकीचं सांगितलं होतं. पहिली सांगितली असती तर दुसरी आपोआप आली असती, म्हणून मी पहिलीही गिळली. तुला कशाला भीती घालायची, असं मी स्वतःला समजावत राहिलो. खरं म्हणजे त्या बरणीत माझेही उघडे हात बुडाले होते, आणि मोठ्याने बोललो की ते खरं होईल असं मला वाटत होतं.

गेल्या वर्षी तुझ्या हातून पहिली काच पडली. तू हसून म्हणालास, वय झालं. मग दुसरी पडली. मग होडीच्या फळीवरून उतरताना तू पाण्यात गेलास, ज्या फळीवर तू चालायला शिकलास तिच्यावरून. भाद्रपदापर्यंत तुला पेला धरवेना. मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं, त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, मेंदूचा काहीतरी विकार म्हणाले आणि घरी पाठवलं. तो विकार कशाने झाला ते त्यांना ठाऊक नव्हतं. माणसाला असे हजार विकार होतात. मी रोज स्वतःला हे सांगतो.

तुझ्या ओटीवरची ती दुपार. पारूवहिनी मासळी घेऊन बाजारात गेल्या होत्या. तू भिंतीला टेकून बसला होतास आणि शब्द एकेक करून येत होते.

"डागदर, मी गेलू का माजा मेंदू बगा."

"भलतंसलतं बोलू नकोस."

"भोकां हायत का बगा. तुमीच बगा. दुसऱ्या कोनाला नको. पानी नीट काडा... घाई करू नका."

मी उठून उभा राहिलो. ओरडलोच. आजारी माणसावर ओरडलो. तू थरथरत्या मानेने माझ्याकडे बघत राहिलास आणि म्हणालास, "तुमी घाबरलाव."

"मी कशाला घाबरू?" म्हणालो आणि चपला घातल्या.

तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी माझी पेटी उचलली. सुऱ्या, चिमटे, करवत, फॉर्मॅलिनची बरणी. तुझ्या ओटीवर ती पायांशी ठेवून बसलो. एक शब्द टाकायचा होता, वहिनी, त्याची शेवटची इच्छा होती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. पेटी बघून त्यांनी विचारलंही, "डागदर, पेटी कशाला आनलाव?" मी म्हणालो, "सवयीने." मग तुला उचललं. समुद्राकडे जाताना मी खांदा दिला, डाव्या हातात पेटी तशीच. चिता पेटली आणि ते डोकं, ज्याच्यात काय होतं ते मला कधीच कळणार नाही, जळताना मी बघत उभा राहिलो. लोकांना वाटलं डॉक्टर रडताहेत. रडत होतोच. पण पहिल्यांदा सुटकेचा श्वास सोडला होता, हेही तुला सांगायला हवं.

काल दहाव्याहून निघताना पारूवहिनींनी मला थांबवलं आणि पदराआडून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढून दिला. "ह्यो तुमाना द्याला सांगितला व्हता. दहावा झाल्यावर देस, बोलला." मग म्हणाल्या, "डागदर, येक विचारू? ह्यो आजार पोरांना लागंल काय?"

"उद्या सांगतो," म्हणालो आणि पळालो.

डबा आज सकाळी दवाखान्यात उघडला. आत मेणाचे दोन ठोकळे. एकावर तुझ्या वळणाने कोरलेलं 'में', दुसऱ्यावर 'ब'. आणि खाली घडी केलेला कागद. ठोकळ्यांच्या कडेला तारीख कोरली होती, दोन्हींवर एकच, आपण भांडलो त्याच्या पुढच्याच महिन्याची. मला कळायला वेळ लागला नाही. खाटकाकडून तू धडधाकट बोकडाचा मेंदू आणला होतास आणि उरलेल्या मेंढ्याच्या तुकड्याबरोबर पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं होतंस. तीच बरणी, तेच स्पिरिट, तेच मेण, तितकेच दिवस. भोकं तुझ्या हातची असतील तर बोकडातही पडायला हवीत. मला इतकी वर्षं शिकून हे सुचलं नव्हतं. तू हे केलंस, डब्यात ठेवलंस आणि मी विचारायची वाट पाहिलीस. मी विचारलं नाही.

मी दोन्हींचे काप काढले. घाई केली नाही. विहिरीचं पाणी स्वतः शेंदून आणलं. निळा खुलला, तुझ्याइतका नाही. आधी बोकड पाहिला. पेशी भरीव, एकसंध, कुठे टाचणीएवढं भोक नाही. इतका सुंदर काप मी कुठल्या पुस्तकातही पाहिलेला नाही. मग मेंढा. भोकं होती तशीच होती, गोल, स्वच्छ, माझ्याकडे बघणारी.

मग मी कागदाची घडी उलगडली.

तो अंकातला फोटो होता, हिराजी. पान कडेने जपून फाडलेलं. तो अंक मी कपाटामागे सारल्यावर पुन्हा कधी उघडलाच नव्हता, म्हणून पान गेलेलं मला कळलं नाही. तुला इंग्रजीचं अक्षर वाचता येत नव्हतं. फोटो मात्र तुला माझ्याहून चांगले वाचता यायचे. त्या दिवसापासून तुला ठाऊक होतं की भोकं मेंढ्याची होती, आणि मलाही ते ठाऊक आहे, आणि मी सांगत नाही. चार वर्षं तू माझ्यासमोर काचा धुतल्यास, शीळ घातलीस, सुकट आणलीस. आणि जेव्हा तुझा हात कापायला लागला तेव्हा तुला कसलं भय वाटत होतं, ते माझ्यापुढे बोलायची सोय मी तुझ्यासाठी ठेवली नव्हती. पायरीवरच्या प्रत्येक माणसाशेजारी तू बसलास. तुझ्याशेजारी कुणी बसलं नाही.

मी रजिस्टर काढलं. नऊ वर्षांपूर्वीच्या माझ्या ओळीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'काप उत्तम. भोकं मेंढ्याची. निदान हिराजीचं. चूक माझी.' सही केली. सगळ्या काचा आणि दोन्ही ठोकळे मोठ्या प्रयोगशाळेसाठी बांधले. सोबतच्या पत्रात तुझ्या बोटाचं लिहिलं, माझ्या उघड्या हातांचंही लिहिलं. ते कदाचित हसतील. हसू देत.

मग तुझ्या घरी आलो. पारूवहिनींनी चहा ठेवला. मी सांगितलं की हिराजीचं काम चोख होतं, मी त्याला उगाच बोललो होतो. त्या म्हणाल्या, "ता मना पयल्यापास्ना म्हायत हाय. तुमाना आथा कलला?" मग त्यांनी कालचाच प्रश्न पुन्हा विचारला. पोरांना लागेल का? माझ्या तोंडाशी ते जुनं, डॉक्टरी वाक्य तयार होतं. काही होणार नाही. ते मी गिळलं.

"मला माहीत नाही, वहिनी," म्हणालो. "शेजारी बसल्याने, जेवल्याने लागतं असं कुठे वाचलं नाही. पण हिराजीला तो मेंढ्याकडूनच आला का, आणि तो तोच होता का, मला माहीत नाही. मी विचारायला लिहिलंय. उत्तर आलं की जसं असेल तसं सांगेन."

मी कप बशीत ठेवला आणि तो खडखडला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. "डागदर, हात कापतो तुमचा."

"भीती वाटते," मी म्हणालो.

हिराजी, तू म्हणालास तेव्हा मी चपला घालून निघालो होतो. आज तुझ्याच ओटीवर, तू टेकायचास त्या भिंतीशी बसून सांगतो. हो. घाबरलो होतो. अजून घाबरलेलाच आहे.